दुपट्यात गुंडाळलेला दगड

नोकरीत काय केलंत असं कोणी विचारलं की मी सांगते, रक्त तपासलं आणि दगड तपासले. समोरचं माणूस आधी हसतं, मग जरा सरकून बसतं आणि मग विषय बदलतं. माझ्या धाकट्या जाऊबाईंची तर अजून समजूत आहे की मी चिऱ्याच्या खाणीवर कारकून होते आणि सवड मिळेल तेव्हा रक्तदान करत होते. यंदा दिवाळी अंकासाठी लिहाच असा आग्रह झाला, तेव्हा म्हटलं एकदाचं सांगून टाकावं. त्यातली एक हकीकत मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. तिच्याकडे यायचंच आहे. पण आधी आमचा धंदा समजायला हवा, नाहीतर ती कळायची नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीतल्या एका खाजगी लॅबमध्ये लघवी, साखर आणि थुंकी यांत आकंठ बुडाले होते. त्याच सुमारास सर मुंबईहून निवृत्त होऊन आपल्या गावी परत आले. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी रक्ताच्या आजारांवर सगळा जन्म घातला होता. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, इथेही तेवढंच म्हणते. माळनाक्याच्या अलीकडे भाड्याच्या तीन खोल्या घेऊन त्यांनी आपली प्रयोगशाळा मांडली आणि मला बोलावून घेतलं. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "खात्री नसेल तर काय म्हणता?" मी म्हटलं, खात्री नाही असं म्हणते. तेवढ्यावर नोकरी मिळाली.

हा त्यांचा स्वभावच होता. शंभर टक्के तपासल्याशिवाय त्यांच्या तोंडून 'आहे' हा शब्द निघत नसे. 'असावं' म्हणायचे. भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेले आणि समोर ढग दाटून अंगावर थेंब पडायला लागले तरी हा माणूस म्हणणार, पाऊस असावा. मी वैतागायचे. मी पडले तोंडाळ आणि उतावळी, माझ्या 'आहे'ला ब्रेक नसायचा. एखाद्या नमुन्याबद्दल मी ठाम बोलले की ते शांतपणे सांगायचे, "खात्री वाटते ना? मग पुन्हा तपासा."

सरांना दोन वेडं होती. एक रक्ताचं, दुसरं आकाशाचं. त्यांचं म्हणणं असं की पृथ्वीवर पहिला जीव उगवला तेव्हा त्याचं सगळं सामान काही इथलं नव्हतं. आकाशातून पडणाऱ्या काही दगडांत कोळशाच्या जातीची द्रव्यं असतात, सजीवांच्या अंगात सापडतात तसली. ती वरून आली असावीत आणि त्यातून पुढचा संसार उभा राहिला असावा. आपल्या रक्तातलं लोखंडसुद्धा कुठल्यातरी विझलेल्या ताऱ्यात शिजलेलं आहे असं ते सांगायचे, आणि हे वाक्य मात्र 'आहे'ने संपायचं. मी म्हणायचे, सर, माझं लोखंड कमी भरतं, ताऱ्याने काटकसर केली वाटतं.

त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत दोन प्रकारची गिऱ्हाइकं यायची. एकांचं रक्त काढायचं, दुसऱ्यांचे दगड बघायचे. सरांनी एका शाळेत भाषण करताना सांगून ठेवलं होतं की कोणाकडे आकाशातून पडलेला दगड असेल तर दाखवायला आणा. झालं. लोक काय वाटेल ते आणायला लागले. लोहाराच्या भट्टीतली मळी आली, जांभ्याच्या काळ्या गुठळ्या आल्या, कोणी जात्याचा तुटका खुंटा आणला. एका निवृत्त हवालदारांनी औषधाच्या बाटलीतून स्वतःच्या मूत्रपिंडातला खडा आणला. सरांनी तोही दोऱ्याला बांधलेल्या लोहचुंबकाजवळ धरून पाहिला, कारण माणूस लांबून आला होता.

रक्ताचं काम त्याहून गमतीचं. गावोगावचे नमुने गार ठेवून आणावे लागत. बर्फ आम्ही मिरकरवाड्याच्या जेटीवरून घ्यायचो, मासळीचा. एकदा मंडणगडहून येताना एसटीच्या कंडक्टरने माझ्या थर्मासपेटीला पायाने डिवचून विचारलं, बांगडे काय? मी म्हटलं, रक्त. त्याने तिकिटाच्या चिमट्याची टिकटिक बंद केली, पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानात काही सांगितलं, आणि पुढचा सगळा प्रवास माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली.

आता आजाराबद्दल. सरांचं लक्ष एका विशिष्ट दोषावर होतं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम असतं. काही माणसांत ते जन्मतःच फार कमी असतं. मातीच्या भिंतीला गिलावा नसावा, तशी त्यांची तांबडी पेशी. ऊन असेपर्यंत भिंत उभी, कोणाला काही कळत नाही. पण झडीचा पाऊस लागला की ढासळते. तो पाऊस म्हणजे काही औषधं, काही पदार्थ, काही रसायनं. ती अंगात गेली की तांबड्या पेशी भराभर फुटतात, माणूस पिवळा पडतो, लघवी काळपट होते. मोठं माणूस बहुतेक वेळा तगून जातं. तान्हं मूल तगेलच असं नाही, कारण तो पिवळेपणा त्याच्या मेंदूत चढतो. आणि हा दोष आईकडून येतो, पण भोगतात तो बहुतेक करून मुलगे. आई धडधाकट, लेकी धडधाकट, आणि मुलगे तेवढे दगावतात. लोक काय म्हणणार? शाप म्हणणार.

तपासणी मात्र देखणी होती. रक्ताचा थेंब रसायनात मिसळायचा, टिपकागदावर ठिपका द्यायचा, वाळवायचा आणि खोली अंधारी करून जांभळ्या दिव्याखाली धरायचा. चांगल्या रक्ताचा ठिपका लखलखतो. दोष असलेला ठिपका काळाच राहतो. एका कागदावर ओळीने ठिपके चमकत असले की सर हळूच म्हणायचे, आकाश बघा. मला त्या काळोख्या ठिपक्याची धास्ती वाटायची, कारण त्यामागे कोणाचंतरी घर असायचं.

तसा एक काळा ठिपका यशवंतचा निघाला.

यशवंत बोटीवर खलाशी होता, संगमेश्वर तालुक्यातल्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या एका गावचा. सुटीवर आला असताना त्याला हिवताप झाला, गोळ्या घेतल्या आणि लघवी कोकमाच्या आगळासारखी लालकाळी झाली म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्याला आमच्याकडे पाठवलं. खांद्याने दार भरेल असा गडी. सरांनी घरची चौकशी केली तेव्हा त्याने सहज सांगितलं, आमच्यात पोरगे जगत नाहीत. त्याचे दोन भाऊ जन्मल्यावर दहा-पंधरा दिवसांत पिवळे पडून गेले होते. बहिणीचेही दोन मुलगे तसेच गेले होते, दोन्ही माहेरच्या बाळंतपणातले. सरांनी विचारलं, मग तुम्ही कसे जगलात? तो हसून म्हणाला, "मी मुंबैत झालंय ना. आय मावशीच्या बाळतपणाला म्हणून गेलेली, तर मावशीच्या आधी तीच बाळत झाली."

तो गेल्यावर सरांनी त्याचा कागद पुन्हा दिव्याखाली धरला. दोष तर याच्याही रक्तात आहे, अगदी पुरता. मग हा जगला आणि ते चार का गेले? म्हणजे भिंतीला गिलावा नव्हता हे खरं, पण त्या घरात पाऊस कुठून पडत होता? हा आमच्यापुढचा प्रश्न होता, आणि घाई होती. यशवंतच्या बहिणीला, सुलभाला, पुन्हा दिवस गेले होते.

आम्ही हसनभाईंची जीप करून त्या गावी गेलो. हसनभाई आमचे नेहमीचे ड्रायव्हर, रक्त दिसलं की तोंड फिरवून उभे राहणारे. यशवंतची आई अनसूयामावशी पडवीत तांदूळ पाखडत होती. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. नवरा कधीच गेला होता, घर तीच चालवत होती. सुलभा तिच्याकडे चार दिवस राहायला आली होती, चेहऱ्यावर बाळंतपणाची भीती उघड दिसत होती. दोघींनी मुकाट्याने रक्त दिलं. सरांनी मावशीला नाना तऱ्हेने विचारलं. पोरांना काय पाजलंत? कुठला पाला? कुठलं औषध? गुटी कशाची? मावशीने गुटीची सगळी मुळं आणून पुढ्यात ठेवली. आम्ही ती पण उचलली. पोटात काय गेलं एवढंच आम्ही विचारत राहिलो.

निघताना मावशीनेच विचारलं, सर दगड नेतात म्हणतात ते खरं काय? सर म्हणाले, आकाशातला असेल तर नेतो. तेव्हा तिने ती गोष्ट सांगितली. तिचा सासरा सड्यावर गुरं चारत असताना भर दुपारी आभाळ गडगडलं आणि एक काळा दगड समोर येऊन पडला. सासऱ्याने तो घरी आणला. वरून आलेलं देणं, वंश वाढेल, म्हणून पोरांच्या कपड्यांच्या पेटीत ठेवायला लावला. पुढे पोरं जाऊ लागली तेव्हा गुरवाने देवीला कौल लावला आणि दगड कोपलाय असं निघालं. आता आकाशातून आलेली वस्तू टाकायची कुठे आणि टाकायची कोणी? म्हणून ती तशीच पेटीत पडून होती.

"न्या बाबांनू," मावशी म्हणाली. "माज्या सुलूचा पोर होयाच्या आधी ही पीडा न्या."

ती आतल्या खोलीत गेली. पेटीचं झाकण अर्धवट उचलून, मान दुसरीकडे फिरवून तिने आत हात घातला. त्या कपड्यांकडे पोर होण्याआधी बघायचंसुद्धा नसतं. आमच्या कोकणात काय, सगळीकडेच ही रीत, जन्माआधी बाळाची तयारी करायची नाही, घडी मोडायची नाही. दगड एका जुन्या दुपट्यात गुंडाळलेला होता. ती तो तसाच्या तसा देऊन मोकळी झाली, हातसुद्धा लावला नाही. सरांनी तिथल्या तिथे दोरा काढला. लोहचुंबक झुकला. सरांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे दगडाचा मुका घेतात.

प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी त्याचा एक टवका काढून लांबच्या एका रसायनशास्त्रज्ञ मित्राकडे पाठवला. त्या कोळशाच्या जातीच्या द्रव्यांसाठी. इकडे मी सुलभाचं आणि मावशीचं रक्त तपासलं, गुटीची मुळं एकेक करून तपासली. मुळांत काहीच निघालं नाही. सुलभाचा ठिपका अर्धवट मंद चमकला, म्हणजे दोष ती वाहत होती. मुलगा झाला तर त्याला तो मिळण्याचा धोका निम्मा. एवढं कळलं, पण पाऊस कुठला ते कळेना.

मग एके दिवशी सकाळी त्या मित्राचा फोन आला. मी समोरच काचा धूत होते. सर ऐकता ऐकता उभे राहिले. दगड आकाशातलाच होता, आणि नुसता आकाशातला नव्हे, त्यांना हव्या त्या दुर्मीळ जातीचा. त्यात नॅफ्थलीन सापडलं होतं. सर आनंदाने म्हणाले, अशा दगडांत ते थोडं सापडतंच. पलीकडचा माणूस काहीतरी बोलून मोठ्याने हसला. इकडे सरांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून ते माझ्याकडे चिडून बघत म्हणाले, थोडं नाही, बचकभर आहे. एवढं आकाशातून येणं शक्य नाही. कुठून कुठून प्रवास करून आलेला दगड, आणि या लोकांनी तो डांबराच्या गोळ्यांत ठेवून बाटवला. आता त्यातलं आकाशाचं कुठलं आणि वाण्याच्या दुकानातलं कुठलं, कोण सांगणार?

सरांना तपकिरीची सवय, त्यांचं नाक नावापुरतंच होतं. मला वास आला होता का? आला असणार. पण आमच्याकडे दमट हवेत कसर लागते म्हणून प्रत्येक पेटीला तो वास असतोच, माझ्या लग्नाच्या शालूलाही होता. त्याकडे कोण लक्ष देतं?

"ठेवला कशात होता हो त्यांनी?" सर पुटपुटले.

"पेटीत," मी म्हटलं. "पोरांच्या कपड्यांत."

बोलले आणि माझ्या हातातली काच खाली पडून फुटली. सरांनी चष्मा काढला.  डांबराच्या गोळीने या दोषाचं रक्त फुटतं हे सरांना तोंडपाठ होतं, मला त्यांनीच शिकवलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ती पेटी आली. वर्षानुवर्षं गोळ्या घालून जपलेली झबली, टोपडी, दुपटी. जन्माआधी उघडायची नाही म्हणून धुवायची नाहीत, वाळवायची नाहीत. पाचवीपर्यंत बाळाला नवं कापड लावायचं नाही म्हणून हीच घालायची. आणि त्याआधी अंगाला चोळून चोळून तेल लावायचं, ज्याच्यामुळे ते विष कातडीतून आणखी भरभर आत जातं. एकेक रीत मायेची. चार पोरं त्या मायेने गेली होती. यशवंतला जन्मल्यावर मुंबईतल्या इस्पितळाचे कपडे मिळाले, म्हणून तो वाचला. दगडाचा काही संबंध नव्हता. 

सर फोनकडे धावले. गावात एकच फोन, किराणा दुकानातला. दुकानदाराने आनंदाने सांगितलं, सुलूताई ना? ती परवाच बाळंत झाली, दिवसांच्या आधीच. मुलगा झाला. काल घरी पण आणला.

हसनभाईंनी जीप कशी हाकली ते त्यांनाच ठाऊक. आम्ही पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. आतल्या खोलीत ती पेटी सताड उघडी होती. मावशी पाटावर पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ, तेलाने चकचकणारं, आणि ती त्याला डोक्यावरून झबलं घालत होती. मी काही न विचारता बाळाला उजेडात घेतलं आणि छातीवर बोट दाबून उचललं. बोटाखालची कातडी हळदीसारखी. खालच्या दुपट्यावर लघवीचा डाग पडला होता, कोऱ्या चहाच्या रंगाचा. सुलभा खाटेवरून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही, तिने ते दोनदा पाहिलं होतं.

मावशी उठून उभी राहिली. 

"दगड गेला ना ओ सर? मग हा का पिवळा धरला? आता काय ऱ्हायला माज्या घरात?"

मी तोंड उघडलं. मी खरं सांगणार होते, माझा स्वभावच तो. पण सर माझ्या पुढे आले. त्या बाईकडे बघत ते म्हणाले, "मावशी, दगड गेला, पण इतकी वर्षं तो या कपड्यांत होता. त्याचा दोष कपड्यांत उतरला आहे. हे सगळं बाळापासून लांब करायला हवं. आत्ताच्या आत्ता."

आहे म्हणाले. असावा नाही. त्या क्षणीसुद्धा ते मला खटकलं, एवढी मी त्यांच्या तालमीत तयार झाले होते.

मावशीने दुसरा प्रश्न विचारला नाही. तिने स्वतःच्या हाताने बाळाच्या अंगावरून एकेक कपडा ओरबाडून काढला, साबणाच्या कोमट पाण्याने तेल धुतलं. पुसून गुंडाळायला घरात गोळ्यांच्या वासाशिवायचं एक कापड सापडेना. तेव्हा सरांनी अंगातला सदरा काढून दिला. बाळ तपकिरीचा वास असलेल्या सदऱ्यात आणि सर बनियनवर, असे आम्ही रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात शिरलो. दारावरच्या शिपायाने सरांनाच पेशंट समजून चाकाची खुर्ची आणली.

बाळाचं रक्त बदलायचं ठरलं. म्हणजे थोडं थोडं त्याचं काढायचं आणि थोडं थोडं चांगलं भरायचं. गट जुळणारं रक्त हवं होतं, आणि सरांचा हट्ट होता की देणाऱ्याचा ठिपका आधी जांभळ्या दिव्याखाली चमकला पाहिजे. गट जुळला तो हसनभाईंचा. रक्ताकडे न बघणारा तो माणूस टेबलावर आडवा झाला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत राहिला. मी अंधाऱ्या खोलीत त्यांचा ठिपका दिव्याखाली धरला. ठिपका लखलखला. आयुष्यात मी हजारो ठिपके पाहिले असतील, त्या एकाला मात्र मी नमस्कार केला.

बाळ वाचलं.

सुलभाला सरांनी चार दिवसांनी सगळं खरं सांगितलं. सांगणं भागच होतं, त्या मुलाला जन्मभर त्या गोळ्यांपासून जपायचं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माजे ते दोघे पण?" सरांनी मान हलवली. ती रडली नाही. म्हणाली, "आईला सांगू नका. दगडाचा म्हणालात ना? दगडाचाच ऱ्हाऊ दे. ती जगायची नाय." सरांनी शब्द दिला. मी पण दिला. बाहेर आल्यावर व्हरांड्यात मला रडू आवरेना. ज्या हातांनी मावशीने नातवंडांसाठी ते कपडे जपले होते त्या हातांचा विचार करवत नव्हता.

सरांनी त्या दगडावर पुढे काम केलं नाही. तो त्यांच्या टेबलावर असायचा. कधीतरी त्याच्याकडे बघून म्हणायचे, शैलाबाई, एवढ्या लांबून आला आणि आपण त्याच्यावर खुनाचा आळ घेतला. मी म्हणायचे, दगडाला काय कळतंय? ते म्हणायचे, कळत नसावं.

काही वर्षांनी मी एका सर्वेक्षणाच्या निमित्ताने त्या गावाकडे गेले होते, म्हणून मावशीकडे डोकावले. तो मुलगा शाळेत जायला लागला होता आणि सुटीत आजीकडे आला होता, आंब्याच्या झाडावरून हलायला तयार नव्हता. मावशी वाकली होती. तिने मला कोकम सरबत दिलं, मुलाला शेजारी काहीतरी आणायला पिटाळलं आणि माझ्याजवळ सरकून बसली.

"बाय, एक सांगतंय, ता सरांना सांगू नको," ती म्हणाली. "सुलू म्हायेराला आली की पोराला भायेर उबा करते आनि आदी एकटीच आत जाते. पेट्या हुंगते. कपाट हुंगते. हातरुणा हुंगते. मग पोराला आत घेते. दगडाला कदी वास येयाचा नाय बाय. वास गोळ्यांचा. त्या मीच घातलेल्या."

 मी काहीतरी बोलायला गेले, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आय हाय मी तिची. मना कळणार नाय? पोर रांगाया लागला तवाच कळला. सर माज्यासाठी खोटा बोलले. येवडा मोठा मानूस. त्यांना वाटू दे, मना ता पटला. आनि सुलूला पन वाटू दे."

 इतकी वर्षं ही बाई हे घेऊन एकटीच त्या घरात झोपत होती, उठत होती, तांदूळ पाखडत होती.  

मग ती म्हणाली, तो दगड असेल तर एकदा आणून दे. उगाच त्याच्यावर बोल लावला, आंघोळ घालून तुळशीजवळ ठेवते. मी सरांकडे तो मागितला तेव्हा ते दचकले. कशाला हवा, काही कळलं की काय त्यांना? मी म्हटलं, कळलं नाही, घराण्याचा आहे म्हणून हवा आहे. सरांना मी सांगितलेलं हे पहिलं आणि शेवटचं खोटं. त्यांनी दगड पुसून माझ्या हाती दिला आणि म्हणाले, बरं आहे, तिकडेच त्याचं घर असावं.

आज सर नाहीत, मावशीही नाही. दगड तुळशीजवळ आहे. दोघी मायलेकींना दिलेले शब्द मी इतकी वर्षं सांभाळले, आता सुलभा तेवढी उरली. तिला विचारल्याशिवाय हे छापायला देणं मला बरं वाटेना, म्हणून परवा तिच्या घरी जाऊन मी हे सगळं तिला वाचून दाखवलं. मावशीचं बोलणं आलं तिथे मी ते तिच्याच बोलीत वाचलं. सुलभा खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने माझ्या हातातले कागद घेऊन त्यांची नीट घडी घातली.

मग म्हणाली, "तरीच. मी आत शिरले की आय दर वेळी परसात जायची. काम काय नसायचा. मी हाक मारेपर्यंत तिथंच उभी ऱ्हायची."